दोराच्या त्या टोकाला

प्रवासात डोंगर बहुतेक वेळा फोटोत आपल्या मागे उभा असतो. आपण त्याच्याकडे पाठ करून हसतो आणि पुढच्या ठिकाणाला लागतो. रॉक क्लायंबिंगमध्ये सगळा देखावा पाठीमागे जातो आणि नाकासमोर उरतो वीतभर कातळ. एवढ्या जवळून दगड बघायची वेळ एरवी कधी येते?

दगडादगडांतही फरक. हंपीचे ग्रॅनाइटचे धोंडे खरखरीत, बोटांची सालं काढणारे. थायलंडमधल्या रायलेची चुनखडी पाण्याने कोरलेली, भोकाभोकांची. बदामीच्या वालुकाश्मात आडव्या कपारी. माझी पहिली गाठ पडली ती वालुकाश्माशीच. त्याचं एक पथ्य असतं. पावसानंतर तो वरून कोरडा दिसला तरी आत ओल धरून असतो, आणि अशा वेळी हाताशी आलेली कपची सहज निखळते. म्हणून जाणकार मंडळी ऊन पडलं तरी थांबून राहतात. दगडालाही सुट्टी असते, हे मला फार आवडलं.

दोर दहा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. आत नायलॉनच्या पिळांचा गाभा, वर विणलेलं कवच. मुद्दाम थोडा ताणेल असा केलेला, म्हणजे घसरल्यावरचा हिसका तो स्वतःच जिरवतो. नवख्यांसाठी टॉप रोप लावतात: दोर वरच्या अँकरमधून, म्हणजे कातळात पक्क्या केलेल्या आधारातून, फिरून खाली ‘बिले’ देणाऱ्याकडे, म्हणजे दोर सांभाळणाऱ्या माणसाकडे येतो. आपण जसजसे चढू, तसतसा हा खालचा माणूस दोर ओढून घेत राहतो. त्यामुळे घसरलो तरी फार खाली जात नाही. हे सगळं जमिनीवर समजावून सांगितलेलं असतं आणि डोक्याला पटलेलंही असतं. गुडघ्यांना मात्र कुणी काही सांगितलेलं नसतं.

निघण्यापूर्वी तपासणी दोन्ही बाजूंनी. माझा दोर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी माझी आठाची गाठ आणि हार्नेसचा, म्हणजे कमरेला आवळलेल्या साजाचा, पट्टा बघितला, मी त्यांच्या कॅरॅबिनरचं, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचं, लॉक ओढून पाहिलं. सकाळी ओळख झालेला माणूस, आडनावही ठाऊक नाही, आणि त्याच्या भरवशावर आपण अधांतरी जाणार! बँकेत याहून जास्त कागद मागतात.

चढताना सगळी भिस्त हातांवर टाकावीशी वाटते. खालून एकच हाक येत होती, “हात सोडा हो, पाय बघा!” हात सोडून कसं चालेल, हे विचारायला दम नव्हता. पण सांगणं बरोबर होतं. बुटाचा तळ सपाट रबराचा, नक्षी अजिबात नाही, आणि तो बोटभर रुंदीच्या कंगोऱ्यावरही धरून राहतो. अट एकच, वजन त्याच्यावर खरोखर टाकायचं. अर्धवट विश्वास ठेवला की पाय सरकतो. मग एका जागी टाच वर राहिली आणि पोटरी शिलाई मशिनीसारखी थडथडायला लागली. क्लायंबर लोकही त्याला ‘शिलाई मशीन’च म्हणतात, तेव्हा हे दुखणं सार्वत्रिक असणार. टाच खाली केली, श्वास सोडला, पाय थांबला. तेवढ्यात दिसलं की कपारीत लालसर रेतीचे थर एकावर एक बसलेत आणि एक मुंगी त्यातून विनादोर, निवांत चाललीय. तिच्याकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिले.

वर पोचल्यावर तिथे काय असतं? दोन बोल्ट आणि साखळी. झेंडाबिंडा काही नाही. खरी परीक्षा त्यापुढे, कारण खाली येण्यासाठी कातळ सोडून मागे रेलून बसायचं असतं, जणू खुर्ची आहेच. चढताना निदान काहीतरी धरलेलं असतं. इथे धरायला फक्त दोर, आणि दोराच्या त्या टोकाला ते गृहस्थ. दोनदा “रेला” म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत, नुसते वर बघत उभे राहिले. मग रेलले.

खाली आल्यावर हातांत इतके गोळे आले होते की पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरेना. तेही त्यांनीच उघडून दिलं.