आमची वाटचाल : कुकर, चटणी आणि नैनिताल

2006 साली मी आणि मेव्हण्यानं कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत एका खोलीत टूरचं ऑफिस काढलं. पहिली सहल नैनितालची, 22 माणसं. तळं 1,938 मीटरवर. तिथं पाणी शंभर अंशाच्या आधीच उकळतं, हे आमच्या आचारीमामांना कुठलं ठाऊक? उघड्या पातेल्यात तूरडाळ दोन तास रटरटली, दाणा तसाच. तेव्हापासून 12 लिटरचे दोन कुकर आणि जादा रिंगा सामानात पहिल्या. सिलिंडर रेल्वेत चालत नाही, तो हल्द्वानीत घ्यायचा. चटणी मात्र घरचीच.

पुढची वर्षं गाड्या सुटल्या, परत आल्या. मग हाताखाली शिकलेला पोरगा ग्राहकांची वही घेऊन गेला आणि समोरच्याच गल्लीत बसला. माणशी हजारानं स्वस्त! मुक्काम छापायचा नैनितालचा, उतरवायचं भवालीत. कुणी विचारलं की म्हणे, तळं अकराच किलोमीटर.

लॉकडाऊननंतरची आमची पहिली सहल ऑक्टोबर 2021 ची. 18 तारखेपासून आभाळ फाटलं. 19 ला तळं काठ सोडून मॉल रोडवर आलं, नैनादेवीच्या आवारात पाणी. हल्द्वानी, भवाली, कालाढुंगी, तिन्ही वाटा दरडींनी बंद. काठगोदामला गौला नदीनं रुळाखालची माती नेली. वीज गेली, फोन मुके. एकानं नेमकं त्याच रात्री 1880 च्या दरडीचं विचारलं. 151 माणसं गेली होती, मल्लीतालचं मैदान त्याच मलब्यानं वाढलेलं. मी म्हटलं, सकाळी सांगतो.

शिवाजी पेठेतल्या काकी, आमच्याबरोबर नववी सहल, पदर खोचून कुकरपाशी बसल्या. "जुलैत पंचगंगा दारात बघितलीया, ह्या तळ्याचं काय घिऊन बसलास? तांदूळ धू."

इकडं कोल्हापुरात मेसेज फिरला : मालक प्रवाशांना सोडून पळाला. कुणी पाठवला ते सांगायला नको. दिवाळीच्या सहलीच्या 31 पैकी 19 जणांनी पैसे परत मागितले. मेव्हणा ऑफिस विकायला निघाला होता. (ऑक्टोबरात डोंगरात जाणार असाल तर परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवा. आणि धंदा असेल तर वही कुलपात.)

स्टेशनवर उतरल्यावर काकी घरी गेल्याच नाहीत. रिक्षा करून थेट त्या पोराच्या ऑफिसात, "माझं पान फाडून दे." त्यानं मुकाट दिलं. दुसऱ्या दिवशी ते पान आणि दहाव्या सहलीचा ॲडव्हान्स त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. पावती घेतली नाही, पानावर माझी सही मात्र घेतली.