रॅनॉक मूरवरून चालत: ब्रिज ऑफ ऑर्की ते किंग्जहाऊस

मे महिन्याच्या शेवटी आम्ही ग्लासगोतले काही मराठी ट्रेकर स्कॉटलंडमधल्या वेस्ट हायलँड वे या लांब पायवाटेचा, रॅनॉक मूर नावाच्या ओसाड, दलदलीच्या माळरानावरून जाणारा, ब्रिज ऑफ ऑर्की गाव ते किंग्जहाऊस हॉटेल हा टप्पा करून आलो. अख्खी वाट १५४ किमीची आहे, आम्ही केला तो तुकडा साधारण १९-२० किमी, एका दिवसात आरामात होतो. सह्याद्रीत फिरलेल्यांना चढ काहीच वाटणार नाही, सगळ्यात उंच जागा जेमतेम साडेचारशे मीटर. पण म्हणून हलक्यात घेऊ नका, इथे कस लागतो तो वारा आणि पावसात, कारण मधे आडोसा असा नाहीच.

ग्लासगो क्वीन स्ट्रीटवरून ब्रिज ऑफ ऑर्कीची ट्रेन पकडायची. क्रिअनलारिकला गाडीचे दोन भाग होतात, एक ओबानला जातो आणि एक फोर्ट विल्यम-मॅलेगला, त्यामुळे आपण मॅलेगवाल्या डब्यातच बसलोय ना हे चढतानाच बघा. दिवसाला गाड्या मोजक्याच, एक चुकली की दिवस गेला.

स्टेशनवरून खाली उतरून नदीवरचा जुना पूल ओलांडला की लगेच चढ लागतो, आणि माथ्यावर पोचलात की समोर लॉख तुल्ला हे तळं आणि मागे ब्लॅक माउंटचे डोंगर, इथे थांबाच. मग उतरून इनव्हरोरनचं हॉटेल आणि पुढे व्हिक्टोरिया ब्रिज. माझ्या मते सगळ्या ट्रेकचा निर्णय या पुलावर घ्यायचा असतो. इथून पुढे किंग्जहाऊसच्या भागात पोचेपर्यंत दुकान नाही, घर नाही. नकाशावर ए-८२ हायवे पूर्वेला अगदी जवळ दिसतो, पण मधे दलदल आणि छोटी छोटी तळी, तिकडून शॉर्टकट मारायचा विचारसुद्धा करू नका. ढग खाली आलेत, वारा वाढलाय, कोणी आत्ताच कुडकुडतंय, तर सरळ मागे फिरा. आदल्या रात्री एमडब्ल्यूआयएसचा (माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस) डोंगरी हवामानाचा अंदाज वाचा, त्यात नुसता पाऊस नाही तर वाऱ्यात चालणं कितपत जमेल तेही दिलेलं असतं. आणि दक्षिणेकडून उत्तरेलाच चाला, वारा बहुतेक वेळा नैऋत्येचा असतो, म्हणजे पाठीवर येतो.

वाट चुकायची भीती फारशी नाही, हा टेलफर्ड या रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअरच्या काळातला जुना रस्ता आहे, पूर्वी गुरांचे कळप यावरून दक्षिणेच्या बाजाराला जायचे. पण दगड असे बसवलेत की पातळ सोलच्या बुटात दुपारपर्यंत तळवे ठणकायला लागतात, जाड सोलचेच घाला. जीन्स नको, भिजली की वाळत नाही आणि अंग गार पडतं. मे असला तरी टोपी, हातमोजे, चांगलं वॉटरप्रूफ घ्या. नेटवर्कचा भरवसा नाही, नकाशा आधीच डाउनलोड करा, कागदी नकाशा आणि कंपास तरीही हवाच. मदत लागलीच तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. ९९९ ला एसएमएससुद्धा करता येतो पण त्यासाठी नंबर आधी रजिस्टर करावा लागतो, ते घरीच उरका.

डबा वाटेतल्या बा ब्रिज या पुलावर खा. पश्चिमेला डोंगरांचा प्रचंड मोठा कोनाडा, पूर्वेला क्षितिजापर्यंत पसरलेलं तपकिरी मूर, त्यात पांढरं कॉटनग्रास कापसासारखं हलत असतं. मी तिथे कितीही वेळ बसू शकेन. वारा पडला की मात्र मिजेस येतात, डोळ्यांनी धड न दिसणाऱ्या माश्या, झुंडीने. जून ते ऑगस्ट त्यांचा जोर असतो म्हणून मे किंवा सप्टेंबरअखेर बरा. स्मिज नावाचं रिपेलंट आणि डोक्याची जाळी ठेवा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत टिक, म्हणजे गोचीड, चिकटलाय का ते तपासा, त्याच्या चाव्यातून लाइम डिसीज हा आजार होऊ शकतो.

शेवटच्या उतारावर बुआखल एटिव्ह मोर हा डोंगर एकदम समोर येतो, १०२१ मीटर, काळा कातळ, थकवाच विसरायला होतो. परतीच्या कोचचं तिकीट आधीच काढून ठेवा, उन्हाळ्यात ग्लासगोकडे जाणाऱ्या बस भरलेल्या असतात, आणि स्टॉप हॉटेलपाशी नाही तर हायवेवर आहे, तेवढं चालायचे वेगळे पंधरा-वीस मिनिटं धरा.