तिसरी एक्सलेटर केबल

सात महिन्यांत दोनदा त्याच गाडीची एक्सलेटर केबल मी बदलली. तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा जॉबकार्डावर तेच शब्द, ‘एक्सलेटर केबल जाम’. मालकाचं म्हणणंही तेच: केबल तेवढी टाका, बाकी गाडी ठणठणीत आहे.

गाडी १५ वर्षांची, चार सिलिंडरची पेट्रोल, केबलवर चालणाऱ्या थ्रॉटलची (थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप). दुसऱ्या हातात येताना ताजा रंग मारून आलेली, आणि रंग बोनेटखालीसुद्धा. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला त्या स्वच्छतेचं कौतुकच वाटलं होतं.

‘ठणठणीत’चा हिशोब असा. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, जड फिरतो म्हणून बॅटरी नवी. तरी जडच, म्हणून सेल्फ उघडून कार्बन आणि बुश नवे. हेडलाइट लावले की टेम्परेचरचा काटा वर सरकतो म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातल्या पाण्याची वाट उघडणारी झडप, नवा. हेडलाइट मंद म्हणून बल्ब नवे. प्रत्येक काम वेगळ्या गॅरेजात झालेलं आणि प्रत्येकाने आपापली तक्रार तेवढी पाहिलेली. मी त्यातलाच एक, केबलवाला.

एक्सलेटर केबल सहसा टोकाशी मरते. पेडलच्या किंवा थ्रॉटलच्या टोकाला तारा एकेक करून तुटतात, त्यांचा पिंजारलेला झुबका आवरणात अडकतो आणि केबल परत येत नाही. नाहीतर आवरणाला कुठेतरी मोड बसतो, आत धूळ जाते, केबल कोरडी पडते. ही केबल दोन्ही टोकांना नवीकोरी होती आणि मधोमध घट्ट अडकली होती. आवरण ब्लेडने लांबीत चिरलं. आतलं नायलॉनचं अस्तर वितळून तारेला चिकटलेलं, आणि तार काही ठिकाणी निळसर. पोलाद निळं पडायला तीनशे अंशांच्या आसपास तापावं लागतं.

पहिल्या केबलचं आवरणही असंच मऊ पडलं होतं. तेव्हा मी ‘सायलेन्सरची धग लागली’ म्हणालो, नवी केबल दोन टाय मारून बाजूला बांधली आणि गाडी सोडली. या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे गरम धूर बाहेर नेणारा नळ, पुढे, रेडिएटरच्या अंगाला आहे. केबल येते मागून, फायरवॉलमधून, म्हणजे केबिन आणि इंजिन यांच्यामधल्या पत्र्यातून. मधे अख्खं इंजिन. धग लागणार कशी, हे विचारायला तिसरी केबल यावी लागली.

या वेळी नवी केबल बसवून लगेच तपासणी केली. इंजिन चालू होऊ नये म्हणून फ्यूल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचा कनेक्टर काढला. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. पोऱ्याला पाच-पाच सेकंदांचे तीन सेल्फ मारायला सांगितले, मधे थोडी उसंत देऊन, आणि मी बोटं केबलवर ठेवली. पहिल्या सेल्फला ती कोमट झाली. तिसऱ्याला बोट काढावं लागलं. इंजिन पूर्ण थंड होतं.

म्हणजे केबलमधून करंट जात होता, आणि तोही सेल्फचा. असल्या इंजिनाचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. जाण्याची वाट सगळ्यांना दिसते: बॅटरीच्या प्लसपासून सेल्फपर्यंतची जाड लाल केबल. तेवढाच करंट परतही यायला हवा. या गाडीत बॅटरीची मायनस केबल बॉडीला आहे आणि बॉडीपासून गिअरबॉक्सला एक विणलेली अर्थ पट्टी आहे. इंजिन स्वतः रबरी फाउंडेशनवर बसलेलं, म्हणून त्या पट्टीशिवाय बॉडीशी त्याचा भरवशाचा विजेचा संबंध नाही. पट्टीने करंट नेला नाही, तर तो बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये धातूचं जे काही सापडेल त्यातून जातो. इथे त्याला दीड मिलिमीटरची एक्सलेटर केबल सापडली.

मग ही पट्टी आधी कुणी तपासली नव्हती का? तपासली होती, मीसुद्धा. डोळ्याने पाहिली: आहे, दोन्ही बोल्ट घट्ट. एकाने मल्टिमीटर ओहमवर (रोध मोजायला) ठेवून मोजलीही होती म्हणे. ही मोजणी फसवी असते. साध्या मीटरच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम भरतो, त्यात ०.०३ ओहमचा दोष दिसणार कुठून? पण त्याच ०.०३ मधून १०० अँपिअर गेले की तीन व्होल्ट तिथेच खपतात. अर्थिंग भार टाकूनच, म्हणजे मोठा करंट वाहत असतानाच, मोजावं लागतं.

पद्धत अशी. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी प्रोब बॅटरीच्या मायनस खुंटावर, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटावरच. कारण क्लॅम्प आणि खुंट यांच्यातच दोष असला तर तोही पकडला जायला हवा. लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. मग सेल्फ. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा, ०.५ च्या वर गेला तर काहीतरी बिघडलेलं आहे. माझ्या मीटरवर ३.१ आला. बॅटरीवर त्या वेळी १०.९ होते, म्हणजे बॅटरी निर्दोष. सेल्फच्या वाट्याला जेमतेम पावणेआठ उरत होते. तो जड फिरणारच.

नंतर लाल प्रोब ब्लॉकवरून बॉडीवर नेली: ०.१. बॅटरी ते बॉडी ठीक, दोष बॉडी ते गिअरबॉक्स. खात्रीसाठी जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट ब्लॉकला लावलं. सेल्फ झटक्यात फिरला. हे करायला अर्धं मिनिट लागतं, मीटरही लागत नाही. सेल्फ गाडीवरून उतरवण्याआधी एवढं कुणी केलं असतं तर तो उघडावाच लागला नसता.

पट्टीचा बॉडीकडचा बोल्ट काढला. लगखाली, म्हणजे पट्टीच्या टोकाच्या भोकाच्या तुकड्याखाली, चकचकीत नवा रंग. रंगवाल्याने पट्टी सोडवली, जागा मास्क न करता फवारा मारला आणि वाळल्यावर पट्टी पुन्हा कसली. सुरुवातीचे काही महिने बोल्टच्या आट्यांनी रंग खरवडून करंट नेला असणार. मग आट्यांत गंज धरला. बाहेरून अगदी देखणं काम! त्यात गिअरबॉक्सकडचं फाउंडेशन रबर बसलेलं, त्यामुळे इंजिन हलून पट्टीच्या निम्म्याअधिक तारा लगच्या तोंडाशी तुटलेल्या, आणि वर प्लास्टिकचं आवरण असल्याने त्या दिसत नव्हत्या.

दुरुस्ती एका तासाची. आधी बॅटरीचं मायनस काढलं. बॉडीवर लगच्या मापापेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासली, आटे टॅप फिरवून साफ केले, गिअरबॉक्सकडची बैठकही घासली. २५ चौरस मिलिमीटरची नवी पट्टी लावली, इंजिनाच्या हालचालीला ढील राहील एवढी लांब. दातेरी वॉशर घालून कसली आणि मगच वरून पेट्रोलियम जेली फासली. फाउंडेशन नवं टाकलं, कारण ते तसंच ठेवलं तर ही पट्टीही तुटेल.

पुन्हा मोजलं. सेल्फच्या वेळी ब्लॉक ते मायनस ०.१२. बॅटरीवर मात्र १०.३, आधीपेक्षा कमी. हा आकडा बघून पोऱ्या चपापला. सेल्फ आता पूर्ण करंट ओढतोय, मग बॅटरी जास्त दबणारच.

काट्याची तक्रारही त्याच पट्टीची निघाली. टेम्परेचरच्या सेन्सरचं अर्थिंग इंजिनाला असतं. हेडलाइट लावले की त्यांचा करंट बॉडीतून त्याच खराब वाटेने अल्टरनेटरकडे (इंजिनावरच्या वीज बनवणाऱ्या यंत्राकडे) परतायचा, बॉडी आणि इंजिन यांच्यात ०.९ व्होल्टचा फरक पडायचा आणि तेवढं जास्त व्होल्टेज टेम्परेचरच्या मीटरवर येऊन काटा चढायचा. पाणी गरम झालेलंच नव्हतं. अल्टरनेटरवर १४.२ असताना बॅटरीला १३.२ मिळत होते, त्यामुळे हेडलाइट मंद आणि बॅटरीही अर्धपोटी. आता बॅटरीवर १४.१ आहेत. तो थर्मोस्टॅट, ती नवी बॅटरी, बल्ब, सेल्फचं काम, यातलं काहीच लागणार नव्हतं. आणि जाम झालेली केबल रस्त्यावर थ्रॉटल उघडा ठेवते. दुसऱ्या वेळी मालकाने क्लच दाबून, न्यूट्रल करून गाडी कडेला घेतली होती.

एक गोष्ट मला दोन दिवस छळत होती. क्लच केबलही फायरवॉलमधूनच येते, गिअरबॉक्सच्या लिव्हरला जाते, आणि ती एक्सलेटर केबलपेक्षा जाड आहे. मग करंट तिच्यातून का गेला नाही? गाडी पुन्हा रॅम्पवर घेऊन पाहिलं. गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटमध्ये तिचं आवरण रबरी गादीत बसतं आणि लिव्हरपाशी तारेचं टोक नायलॉनच्या बुशमध्ये. धातूला धातू कुठेच टेकत नाही. एक्सलेटर केबलचं थ्रॉटलकडचं टोक मात्र पत्र्याच्या ब्रॅकेटमध्ये दोन नटांनी कसलेलं आहे.