रडतोंडी

“ह्यो रस्ता सोपा हाय बाळा. रडतोंडी बघितलीस का तू?”

वाडा कुंभरोशीला चढलेल्या आजींनी हे विचारलं, तेव्हा मी एसटीत समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो होतो. महाबळेश्वर ते पोलादपूर, जेमतेम ४० किलोमीटर. पण वळणं अशी की पोटातला चहा हलावा.

रडतोंडी म्हणजे जुना घाट. चालताना तोंड रडवेलं होतं, म्हणून रडतोंडी. १६५९ मध्ये अफजलखानाची फौज याच वाटेनं जावळीत उतरली, असं सांगतात. इंग्रजांना हे नाव काही झेपलं नाही, त्यांनी ‘रोटुंडा’ करून टाकलं, म्हणजे घुमटाची गोल इमारत. कुठे घुमट, कुठे रडणं!

मग १८७६ च्या सुमारास त्यांचा गाडीरस्ता तयार झाला. त्याला गव्हर्नर फिट्झगेराल्डचं नाव दिलं.

मुद्दाम कंडक्टरला विचारलं, “फिट्झगेराल्ड घाट हाच ना?”

“कुठला? हा आंबेनळी.”

गव्हर्नर गेला, पाटी गेली. आजींची रडतोंडी मात्र अजून जिभेवर आहे, तीही जरा अभिमानानं.

तुमच्या घाटाचं जुनं नाव घरात अजून कोण घेतं?