दोन बोटं काच

पडघा, रात्री साडेअकरा

आज संध्याकाळी कसारा घाट उतरताना सोन्याने, माझ्या भाच्याने, ट्रकची त्याच्या बाजूची काच दोन बोटं खाली घेतली. बाहेर गारठा होता, पण आपल्याकडचा, म्हणजे स्वेटर घालून मिरवण्यापुरता. मी म्हटलं, "अरे लाव की, वारं लागतंय." तर म्हणाला, "राहू दे मामा." बस, एवढंच. आवाजात रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं.

तेव्हापासून डोकं तिथेच अडकलंय. गाडी ढाब्यावर लावली. कांदा लासलगावचा आहे, पहाटे वाशीला टेकवायचा. सोन्या मागच्या फळीवर झोपलाय. काच अजून तशीच, दोन बोटं उघडी. डास येतायत.

काश्मीरच्या ट्रिपला काझीगुंडला आम्ही सहा रात्री काढल्या. लस्सीपोऱ्याच्या कोल्ड स्टोरेजमधून सफरचंद भरलं, ताडपत्री आवळली, आणि त्याच रात्री बर्फ सुरू झालं. सकाळी पुढचे टायर अर्धे गायब. तिथले लोक म्हणाले, चिल्ला कलान चालू आहे, २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस असंच. अंगात फेरन म्हणजे लांब अंगरखा, फेरनात कांगरी म्हणजे निखाऱ्यांची टोपली, तोंडाने धूर काढत इतक्या शांतपणे सांगतात, जसं आपण म्हणावं की अधिक महिना आहे.

घरी फोनवर समजावून सांगताना माझी दरवेळी फजिती होते. त्यांना वाटतं बर्फामुळे रस्ता बंद. बर्फ काय, मशीन येतं, दिवसभरात बाजूला करतं. पुढे नवा बोगदा आहे, साडेआठ किलोमीटरला थोडा कमी, २०२१ पासून चालू. आत बर्फ नाही, वारा नाही, मंगल कार्यालयासारखे दिवे. पण बोगद्यातून पलीकडे बाहेर पडलं की बनिहाल ते रामबन पाऊस, आणि पावसात डोंगर खाली येतो. म्हणजे आम्ही इकडे बर्फ बघत बसायचं आणि वाट बघायची तिकडच्या चिखलाची. मेहाड, कॅफेटेरिया मोड, ही तिथली दरडीची ठिकाणं. कॅफेटेरिया मोड हे नाव पहिल्या वर्षी ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, तिथे चहा मिळत असेल. तिथे वरून दगड मिळतात. दुसरा रस्ता मुघल रोड, तो हिवाळ्यात बंदच. आणि रस्ता उघडला तरी आधी छोट्या गाड्या, मग आम्ही, तेही एका दिवशी एकाच बाजूने. ट्रॅफिकवाला रोज एकच सांगायचा, "कल देखेंगे." त्याचाही दोष नाही. तोही बर्फातच उभा होता.

सोन्याची ही पहिलीच काश्मीर ट्रिप. अठरा पूर्ण झाल्याशिवाय नेणार नाही, असं अक्काला सांगितलं होतं, तसंच केलं. भाऊजींचं तसं झाल्यावर अक्काने त्याला गाडीवर पाठवलं हेच... असो.

शिकवलं सगळं. थंडीत हँडब्रेक लावून झोपायचं नाही, ब्रेकचं लायनर ड्रमला धरून बसतं, सकाळी चाक फिरत नाही. गाडी गिअरमध्ये ठेव, चाकाला दगड लाव. हवेच्या टाकीतलं पाणी रोज काढ, नाहीतर पाइपात गोठतं आणि ब्रेकला हवा मिळत नाही. ताडपत्रीवरचं थोडं बर्फ राहू दे, माल उबेत राहतो, पण जास्त साचलं तर वजनाने फाटते, म्हणून रात्रीतून एकदा फावडं मार. रस्सी सोडायला गेला तर ती काठीसारखी ताठ. पोरगं हसलं. म्हणालं, "मामा, हिला उभी केली तर उभी राहील." आणि खरंच उभी केली. मोबाइलवर फोटो आहे.

आणि सगळ्यात आधी शिकवलं ते काचेचं. इंजिन चालू असो नसो, झोपताना काच दोन बोटं उघडी. सायलेन्सर बर्फात बुडाला तर धूर आत येतो. शेगडी पेटवली तर पेटवून, शेकून, बाहेर ठेवायची. त्या गॅसला वास नसतो, रंग नसतो, माणूस गुदमरतोय हे त्यालाच कळत नाही, उलट झोप छान लागते. ढाबेवाल्यानेच सांगितलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरला पांद्रेठनला एकाच घरातली पाच माणसं अशीच गुदमरून गेली, ऊब करायला गेली आणि. ती तिथलीच माणसं, बर्फात जन्मलेली. आपण तर सिन्नरचे.

तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याने सोन्याला कांगरी दिली. काड्यांची विणलेली परडी, आत मातीचं भांडं, भांड्यात निखारे आणि वर राख. फुकट दिली, वर दोन रोट्या दिल्या. सोन्याने ती तान्ह्या पोरासारखी छातीशी धरली. दिवसभर तसाच फिरत होता, चायवाल्यांना दाखवत होता. मी म्हटलं, झोपताना बाहेर. "हो मामा."

चौथ्या रात्री मला लघवीला जाग आली. त्या लघवीचे उपकार म्हणायचे. डोकं जड, जसं रात्रभर कोणी हातोडीने हळूहळू ठोकलंय. काच बघितली तर पूर्ण वर. सोन्या गोधडीत, आणि गोधडीच्या आत तांबूस उजेड. हाक मारली, हूं नाही. हलवला, मान सैल. दार लाथेने उघडलं, त्याला काखेत धरून खाली ओढला, बर्फात बसवला, पायात नुसते मोजे. तोंडावर बर्फ चोळलं. किती वेळ गेला माहीत नाही. मग त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "काय झालं मामा? थंडी वाजतेय ना."

आणि मी त्याच्या कानाखाली मारली.

लिहून झालं. आता बघतो तर वाक्य एका ओळीचं आहे.

मला टोचतंय ते हे, की तो उठत नव्हता तेव्हा नाही मारली. तेव्हा तर चापट मारून उठवतात. मी मारली तो जागा झाल्यावर. सुखरूप आहे हे कळल्यावर. म्हणजे ती काही जीव वाचवायची चापट नव्हती. मग कसली होती?

त्याच संध्याकाळी वाशीहून फोन आला होता, उशिराचे पैसे भाड्यातून कापणार म्हणून. म्हटलं, शेठ, रस्ता बंद आहे. म्हणे, रस्ता बंद आहे तो काय मी केला? बरोबर आहे, मीही नाही केला. पण कापणार माझेच. मालक म्हणाले, बघू. मालकांच्या "बघू"चा अर्थ मला माहीत आहे. सहा रात्रींचा भत्ता तीनच रात्रींचा मिळाला, हेही इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार? टीव्हीवर म्हणे बातमी होती, काश्मीरमध्ये पर्यटकांनी लुटला हिमवृष्टीचा आनंद. आम्हीही होतो तिथे. आमच्या बाजूने कोणी कॅमेरा फिरवला नाही. नव्या गाड्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, चांगलंच झालं, पण माझी गाडी जुनी, एसी नाही, आणि हीटरचं तर नावच काढू नका. उणे पाचात दोन माणसं पत्र्याच्या डब्यात झोपतात हे कोणाच्या डोक्यात कधी...

हे बघा, पुन्हा. चापटीचं लिहायला बसलो आणि शेठवर आलो. म्हणजे त्या रात्रीही हेच झालं असणार. हात शेठवर उचलायचा होता, आणि समोर सोन्या होता, मोज्यांवर, बर्फात बसलेला.

किंवा तसंही नसेल. घाबरलो होतो म्हणूनही मारली असेल. दोन्ही असेल. अक्काला काय सांगणार होतो मी, हे त्या पाच मिनिटांत सगळं डोक्यातून जाऊन आलं होतं. घराचं दार, अक्का, आणि मी दारात. भाऊजींच्या वेळीही दारात मीच होतो.

आई म्हणायची, मामाने भाच्याला मारू नये, म्हातारपणी हात कापतात. लहानपणी आमच्या मामाने मला एकदा छडी मारली होती, तर आईने त्याच्या हाताला तूप लावलं होतं, माझ्या नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टिअरिंगवर माझे हात असे कापत होते की चावी लागेना. म्हातारपण यायला वेळ आहे म्हटलं, इतकी कसली घाई. शेजारच्या गाडीतला सरदारजी बघून हसला, त्याचेही कापत होते. तेव्हा थोडं बरं वाटलं. सगळ्यांनीच काही भाचे मारलेले नसणार.

कांगरी मी रात्रीच फेकली होती. चर्र आवाज झाला आणि बर्फात एक काळं भोक पडलं. सकाळी सोन्याने जाऊन ती उचलली. परडी धड होती, भांडं तडकलेलं. गपचूप म्हाताऱ्याकडे घेऊन गेला. म्हाताऱ्याने भांडं बघितलं, सोन्याचा गाल बघितला, काही विचारलं नाही. चहा दिला म्हणे, गुलाबी, मिठाचा. सोन्याला आवडला नाही, पण प्यायला.

सातव्या दिवशी आम्हाला सोडलं. रामबनला चिखलातून दुसऱ्या गिअरवर, ब्रेकला पाय न लावता, वर डोंगराकडे न बघता. वाशीत पेट्या उतरवल्या. वरच्या थरातलं थोडं सफरचंद काळं पडलं होतं, त्याचेही कापले. वाराईवाल्याने मात्र माल उतरवायची मजुरी पूर्ण घेतली. आता अनंतनागपर्यंत मालगाडी जाते, ऑगस्ट २०२५ मध्ये पहिली गेली, आणि काश्मीरचं सफरचंद रेल्वेनेही दिल्लीला जायला लागलंय. पोरं विचारतात, आपलं काय होणार? मला वाटतं, जाऊ दे जायचं तर. मालगाडीला भाचा नसतो.

परवा अक्का आली होती. संक्रांत होऊन गेली तरी तिळाचे लाडू, डबाभर. म्हणाली, "तुझ्या जिवावर पाठवते रे, नीट आणलंस." मी लाडू खाल्ला. मग दुसरा खाल्ला, कारण तोंड रिकामं राहिलं असतं तर बोलावं लागलं असतं. सोन्या तिथेच बसला होता. अक्काने विचारलं, ती टोपली दिसली नाही रे, फोटोत होती ती? तर म्हणाला, "मामाने परत दिली म्हाताऱ्याला." माझ्याकडे बघितलंही नाही. लाडू फोडत होता.

तेव्हा विषय संपला असं मी धरून चाललो होतो. आणि आज कसाऱ्यात काच.

बहुतेक तो फक्त शिकलाय. ज्याच्या हाताखाली गाडी शिकलो त्या उस्तादाने मला गिअरच्या दांड्याने शिकवलं होतं, मी कुठे लक्षात ठेवलं? ठेवलंच की, आत्ता लिहिलं म्हणजे ठेवलंच. पण मी त्या उस्तादाच्या तेराव्याला गेलो नव्हतो. हेही आत्ताच आठवलं.

डास फार झालेत. कासवछाप लावावी म्हणून काढली, तर तिचाही धूरच. परत डब्यात ठेवली. मग माझ्या बाजूची काचही दोन बोटं खाली घेतली. आता दोन्हीकडून येतायत.