म्हशीचा कॅन

परवा दुपारी पेशंट संपले म्हणून डबा उघडला आणि तेवढ्यात दारात पिकअप थांबली. तात्या उतरले, मागून दोघांनी धरून ग्रेट डेनचं पिल्लू खाली घेतलं. चार महिन्यांचं, वजन 24 किलो, पुढचे दोन्ही पाय मनगटापासून बाहेर फाकलेले, पंजे पसरलेले, आणि मनगटं इतकी जाड की लांबून मला वाटलं पट्टीच बांधलीय.

खायला काय घालता विचारलं तर तात्या खुशीत सांगायला लागले, पपीचंच फूड हाय मॅडम, महागातलं, वर दोन अंडी, चिकन आणि कॅल्शियम. कुठलं कॅल्शियम? तर गाडीतून पाच लिटरचा कॅन काढला. म्हशीचा! पन्नास मिली सकाळी, पन्नास संध्याकाळी, आणि पाय वाकडे दिसायला लागल्यावर डबल.

मी ओरडणारच होते, पण आठवलं, गेल्या पावसाळ्यात यांचीच म्हैस व्याल्यावर आडवी पडलेली, मिल्क फिवर म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं, मीच शिरेतून कॅल्शियम लावलं आणि थोड्या वेळात म्हैस उठून उभी. तात्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, मग पिल्लाचा पाय वाकला की ते दुसरं काय करणार!

मग मी सांगत बसले. म्हैस रोज दुधातून कॅल्शियम बाहेर टाकते, पिल्लू कुठे टाकणार. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याचं आतडं जास्तीचं बरंचसं सोडून देतं, पण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते जमत नाही, येईल तेवढं शोषत राहतं आणि झपाट्याने वाढणाऱ्या हाडांचं गणित बिघडतं. (दूध-पोळीवर वाढवलेली वाकड्या पायांची पिल्लंही येतात, तिथे उलट कॅल्शियमच कमी पडलेलं असतं, म्हणून औषधाआधी जेवण विचारायचं.) एक्सरेत मनगटाच्या वरच्या हाडात मेणबत्तीच्या ज्योतीसारखा काळसर डाग होता, हाड न झालेली कूर्चा. तात्या बराच वेळ त्या ज्योतीकडे बघत राहिले.

फूडचं पाकीट बघितलं. पुढे रुबाबदार कुत्रं, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं की मोठेपणी 70 पौंड म्हणजे साधारण 32 किलो किंवा त्यावर जाणाऱ्यांच्या वाढीसाठी हे नाही. अशा पिल्लांना कोरड्या वजनावर (म्हणजे फूडमधलं पाणी वगळून) 1.2 ते 1.8 टक्के कॅल्शियमचं फूड लागतं, बाकीच्यांना 2.5 पर्यंत चालतं. ते वाचतंय कोण.

कॅन बंद, फूड बदला, दिवसातून तीनदा मोजून घाला, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, असं सांगितलं. उजवा पाय सुधारेल बहुतेक, डाव्याचं सांगता येत नाही, ऑपरेशनही लागू शकतं, हेही सांगून टाकलं. तात्यांना त्याहून वेगळीच काळजी. "मॅडम, ग्रेट डेनच्या बरगड्या दिसल्या तर गाव म्हणंल तात्या कुत्र्याला उपाशी मारतोय."

"दिसायला नकोत हो, हाताला लागल्या पाहिजेत."

जाताना कॅन उचलला आणि दारातच थांबले.

"यातलं अर्धं मेव्हण्याच्या रॉटवायलरला दिलंय की."

"केवढा आहे तो?"

"पाचवा महिना लागलाय."

म्हटलं फोन लावा, आत्ता, माझ्यासमोर.