पाणी

मंगळवार, रात्री साडेदहा

आज सकाळी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी सेक्शन, म्हणजे पेशींचे अतिपातळ काप, कापायला बसले आणि पहिल्या दोन-तीन कापांतच कळलं की ब्लॉक, म्हणजे पेशी बसवलेली रेझिनची वडी, मऊ राहिलाय. रेझिन (कडक होणारं प्लास्टिक) नीट धरलंच नव्हतं. एरवी हिऱ्याच्या सुरीच्या धारेवरून काप सुटला की मागच्या पाण्यावर तरंगायला लागतो, एकाला एक चिकटून चंदेरी पट्टी तयार होते. चंदेरी म्हणजे साधारण ६० ते ९० नॅनोमीटर, आम्हाला हवा तसा. सोनेरी दिसला की जाड. आज चंदेरी नाही आणि सोनेरीही नाही. काप धारेवरच चुरगळत होते, सुटलेल्या तुकड्यांना मधे भोकं. काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने एकेक तुकडा सारून पाहिला. ग्रिडवर, म्हणजे मायक्रोस्कोपमध्ये काप ठेवायच्या बारीक जाळीवर, उचलावा असा एकही नव्हता.

ब्लॉक आमच्याकडे पीएचडी करणाऱ्या अमरावतीच्या मुलीचा. पुढच्या आठवड्यात सॅन डिएगोला सेल बायॉलॉजी सोसायटीची वार्षिक सभा आहे. तिथे तिचं पोस्टर आहे आणि पोस्टरच्या मधोमध या ब्लॉकच्या फोटोसाठी चौकोन मोकळा ठेवलेला.

"ताई, माझं काय चुकलं?"

तिचं काही चुकलं नव्हतं. अल्कोहोलची बाटली महिन्यापूर्वी उघडलेली होती. लेबलवर शंभर टक्के, पण उघडी बाटली हवेतलं पाणी ओढत राहते. आमचं सगळं काम एका वाक्यात सांगायचं तर पेशीतलं पाणी पूर्ण काढायचं आणि त्या जागी रेझिन भरायचं. शेवटच्या पायरीला आम्हीच पाणी परत आत सोडलं होतं. बाटल्या बदलणं माझ्याकडे आहे. तिला तसं सांगितलं. ती काहीच बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मग ती उगाच फोनवर सभेचा कार्यक्रम वर-खाली करत बसली. मधेच म्हणाली, "हे कीथ पोर्टर लेक्चर असतं ना, ते पोर्टर कोण?"

तिला हे माहीत नाही याचा राग आला नाही, पण वाईट वाटलं. आमच्या मजल्यावर काचेच्या कपाटात जुनं हिरवट मायक्रोटोम, म्हणजे पातळ काप काढायचं यंत्र, ठेवलंय, ती रोज त्याच्यासमोरून जाते. पोर्टर-ब्लम. १९५३ मध्ये पेशीशास्त्रज्ञ पोर्टरांनी जोसेफ ब्लम नावाच्या कारागिराला हाताशी धरून घडवलेल्या यंत्राचं पुढचं भावंड. त्याआधी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप होता, पण त्यातून पार दिसेल इतका पातळ काप भरवशाने काढून देणारं यंत्र सहज कुठे मिळत नव्हतं.

तिला स्टुलावर बसवलं आणि १९४५ चा फोटो दाखवला. कोंबडीच्या गर्भातली एक अख्खी पेशी. पोर्टर, आल्बेर क्लोद आणि अर्नेस्ट फुलम या तिघांचं काम. न्यूयॉर्कच्या ज्या रॉकफेलर संस्थेत पोर्टर आणि क्लोद होते तिथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नव्हता. तो शहरातल्या एका खासगी कंपनीकडे होता आणि फुलम तिथे तो चालवायचे. पातळ काप घेता येत नव्हते, तर पोर्टरांनी काय करावं? काचेवर प्लास्टिकचा अगदी पातळ पापुद्रा चढवला, त्यावर पेशी वाढवल्या, ऑस्मियम या धातूच्या संयुगाची वाफ देऊन त्या जिथल्या तिथे थांबवल्या आणि पापुद्र्यासकट सोलून जाळीवर ठेवल्या. पेशी पसरून वाढते तेव्हा तिच्या कडा इतक्या पातळ होतात की इलेक्ट्रॉन आरपार जातात. म्हणजे कापायचं काम पेशीकडूनच करून घेतलं! मी हा फोटो शंभरदा तरी पाहिला असेल. कडेला एक नाजूक लेस विणल्यासारखी जाळी दिसते, तिथे आल्यावर अजूनही माझा श्वास थांबतो. त्याआधी ती कोणी पाहिलेली नव्हती.

"ही आंतर्द्रव्यजालिका," मी म्हटलं.

ती हसली. कितीतरी वर्षांनी तो शब्द ऐकला म्हणाली. शाळेच्या विज्ञानाच्या वहीत केंद्रकाच्या बाजूला नागमोडी समांतर रेघा काढायच्या, टोकदार पेन्सिलने बाण ओढायचा आणि तो लांबलचक शब्द कागदाच्या कडेत कसाबसा बसवायचा. मीही तेच केलंय, तिच्या आधी पंचवीस वर्षं. त्या रेघा पोर्टर आणि त्यांचे रॉकफेलरमधले सहकारी जॉर्ज पॅलाडी यांच्या फोटोंतून आमच्या वहीपर्यंत आल्या, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ‘एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम’ हे इंग्रजी नावही पोर्टरांचंच.

पेशीच्या रचनेवरच्या कामासाठी १९७४ चं नोबेल क्लोद, पॅलाडी आणि द दूव्ह यांना मिळालं. नोबेल तिघांपेक्षा जास्त जणांत वाटत नाहीत, पोर्टर राहिले. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यात पडायचं नाही, पण मला ते अन्यायाचं वाटतं एवढं इथे लिहून ठेवते.

आज मला तिला खरं तर पुढची गोष्ट सांगायची होती. पोर्टर नंतर कोलोरॅडोत बोल्डरला गेले. तिथे दहा लाख व्होल्टचा मायक्रोस्कोप होता, त्यातून कापाशिवाय जाड, अख्खी पेशी पाहता यायची. त्यात त्यांना पेशीभर पसरलेली बारीक धाग्यांची एक सलग जाळी दिसली. सगळी पेशी या जाळीने एकत्र बांधलेली आहे, असं त्यांनी मांडलं आणि अनेक वर्षं लावून धरलं. या पेशी वाळवायची रीत अशी: अल्कोहोलच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड आणायचा आणि तो न उकळता वायू होईल अशा बेताने दाब आणि तापमान सांभाळायचं, म्हणजे पेशी चिमत नाही. १९८५ मध्ये पेशीशास्त्रज्ञ हान्स रिस यांनी दाखवलं की त्या कार्बन डायऑक्साइडमध्ये पाण्याचा अंश राहिला तर पेशीतले खरे तंतू विरूप होऊन एकमेकांना चिकटतात आणि जाळी दिसते. पाणी पूर्ण काढलं की जाळी नाही, सुटे तंतू.

"पाणी?" तिने विचारलं.

"पाणीच."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि तरी त्यांच्या नावाने व्याख्यान देतात?"

हो, देतात. आणि अगदी बरोबर करतात. ही सोसायटी १९६० मध्ये उभी करणाऱ्यांत पोर्टर होते. त्याआधी मायक्रोस्कोपवाले एकीकडे, रसायनवाले दुसरीकडे, एकमेकांची भाषा कळायची नाही. १९६१ ला शिकागोत पहिली सभा भरली. आज त्या व्यासपीठावर जो कोणी उभा राहतो तो आपले फोटो घेऊन येतो, आणि समोर बसलेल्यांतला कोणीही उठून विचारू शकतो की हे पेशीत आहे की तुमच्या तयारीत आहे. पोर्टरांना तोच प्रश्न विचारला गेला होता. त्यांच्या नावाच्या व्याख्यानाला मी दोनदा गेलेय. दोन्ही वेळा मागच्या रांगेत बसून मी वक्त्याच्या पहिल्या चित्रात आधी कडा पाहिल्या, पडदे सलग आहेत का, रिकाम्या जागा खऱ्या आहेत का, पेशी आखडली आहे का. ही सवय हाताला लागते. तिलाही लागावी असं मला मनापासून वाटतं.

दुपारी नवी बाटली उघडली, तारीख घातली, तळाशी पाणी शोषणारे मणी टाकले. तिच्याकडे त्याच बॅचचा एक तुकडा ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजमध्ये ठेवलेला निघाला. तिथून पुढच्या पायऱ्या तिने स्वतः केल्या, मी फक्त घड्याळ लावलं. वर्गात चौथीत प्रयोग करताना बाई शेजारी उभ्या राहायच्या तशी उभी होते. शुद्ध रेझिन रात्रभर मुरायला ठेवलंय. उद्या सकाळी ब्लॉक ओव्हनमध्ये जाईल, ६० अंशांवर दोन दिवस. शुक्रवारी दुपारी कापायला मिळेल. पोस्टर छापायला द्यायची मुदत गुरुवारी संपते.

निघताना तिने विचारलं, त्या मोकळ्या चौकोनात काय लावू? मी म्हटलं, आजचा भोकं पडलेला काप लाव आणि खाली कारण लिही. ती म्हणाली, विचार करते. आत्ता दहा वाजता तिचा मेसेज आला. तो खराब काप मी फेकला तर नाही ना, असं विचारलंय. नाही फेकला. ग्रिडच्या डबीत आहे, दुसऱ्या ओळीत, डावीकडून तिसरा.